आईनं फिरवलेली अंडी

डोत्सेचा थोरला भाऊ नाग चावून मेला. अजगर धरायला बिळात हात घातला आणि आत बसला होता नाग. तेव्हापासून त्यांच्या आईचं, यावाचं, एकच पालुपद, "बिळात हात घालशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा हा लहानसा अजगर लोमे शहरातले व्यापारी परदेशात पाळण्यासाठी विकायला घेऊन जातात, आणि गावाचं पोट त्याच्यावरच चालतं. मग डोत्सेनं यंदा घरीच जोडी लावली. मादीनं अंडी घातली तेव्हा गडी नाचायचाच काय तो बाकी राहिला.

अंडी ओल्या भुशाच्या खोक्यात घालून त्यानं आईच्या खोलीत ठेवली. चुलीमुळं ती खोली उबदार. स्वतः दिवसभर मक्याच्या शेतात. आईला बजावलं, "भुसा सुकू देऊ नकोस." एवढंच बजावलं, आणि मुख्य ते सांगायचं राहिलं मेलं!

पुढं अंडी चेपली, काळवंडली, वास सुटला. त्यानं एक कापलं. आत अर्धवट झालेलं पिल्लू, मेलेलं. बाकीच्यांतही तेच.

"असं कसं रे झालं?" आई म्हणाली. "मी तर रोज न चुकता फिरवत होते."

"फिरवत होतीस?"

"जन्मभर कोंबड्या बसवल्यात मी. कोंबडीसुद्धा चोचीनं फिरवते. न फिरवता उबतात होय अंडी?"

"अजगराची फिरवायची नसतात, आई. पिल्लू आत गुदमरतं."

म्हातारी मटकन खाली बसली. डोत्सेनं खोकं उचलून उकिरड्यावर रिकामं केलं. चार शिव्या हासडल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

सकाळी बिळातले अजगर धरायला त्यानं कुदळ उचलली. आई मागोमाग निघाली. "मागं फिर," तो दोनदा ओरडला, पण ऐकेल ती यावा कसली! बांधावर त्यानं बिळाचं तोंड मोकळं केलं, बाही वर सारली, आणि हात काही आत जाईना. भाऊ डोळ्यांपुढं आला.

"सरक बाजूला." आईनं त्याला ढकललं, पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आई, काढ हात! वेड लागलंय का तुला?"

"गप. आहे आत कुणीतरी. गार लागतंय."

तिला ओढून काढायला तो वाकला, पण ओढलं नाही. ओढलं तर आतलं जनावर डिवचेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

आईनं गोळा झालेली अजगराची मादी बाहेर काढली.

"अजगरच निघाला," ती म्हणाली. "पुढचं बीळ कुठाय?"

डोत्सेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं बोट करून दाखवलं.