कानटोपीतली गुढी

यंदाची गुढी मी एकटीने उभारली. दरवर्षी बाबा उभारतो आणि मी फक्त कडुलिंबाचा डहाळा धरते. पण यंदा पाडव्यालाच सुखदाआत्या पुण्याहून येणार होती, तीही थेट फरीदाबादबाहेरच्या आमच्या चिमुकल्या विमानतळावर. तिथे दिवसाला दोनच विमानं येतात आणि बाबा तिथला अधिकारी, त्यामुळे तो पहाटेच ड्यूटीवर. मी म्हटलं, चलो, आता मी दहावीत आहे यार. मीच उभारणार!

तांब्या चिंचेने इतका घासला की त्यात माझी मुरुमंसुद्धा मोजता आली असती. आईची जांभळी पैठणी नेसवली. इकडे गाठी मिळत नाहीत, म्हणून बत्ताशांची माळ ओवली. आणि गुढी बांधली ती विमानतळाला लागूनच असलेल्या आमच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला. सगळ्यात उंच!

सव्वादहाला आत्याचं विमान आलं. चाकंसुद्धा दिसली. मी दोन्ही हात हलवले, आणि विमान घूंऽऽ करत परत वर!

तेवढ्यात बाबाचा फोन. "मैत्रेयी, गच्चीवर कोण आहे बघ. पायलट म्हणतोय, कुणीतरी डोळ्यांवर आरसा मारतंय."

मी तांब्याकडे बघितलं. तांब्या सूर्याकडे बघत होता.

"बाबा... गुढी."

पलीकडून अगदी हळू, "गच्चीवर चमकणाऱ्या वस्तू ठेवू नयेत, ही नोटीस कुणाच्या सहीची आहे?"

"तुझ्याच."

"उतरव. दहा मिनिटांत विमान परत येतंय."

आईने फोन हिसकावला. "सकाळीच गुढी उतरवायची? वर्षाच्या पहिल्या दिवशी? बिल्कुल नाही!"

"विनया, माझी बहीण वर फिरतेय!"

"फिरू दे, हवा चांगली आहे!"

मला रडूच यायला लागलं. माझी पहिली गुढी, आणि आयुष्य जेमतेम तीन तास! टॉवेल टाकला, तो उडाला. ओढणी टाकली, तीही गेली शेजारच्या गच्चीवर. मग धावत खाली गेले आणि हिवाळ्याच्या कपड्यांची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांच्या वासातून बाबाची तपकिरी कानटोपी काढली, वर येऊन तांब्यावर गळ्यापर्यंत ओढली आणि खाली गाठ मारली. घाबरून दोन बत्तासे खाल्ले.

विमान आलं. खाली, अजून खाली... टेकलं!

आईच्या हातातला फोन चालूच होता. मागून त्याच्या ऑफिसातले यतीन अंकल ऐकू आले, "सर, शीशा तो बंद हो गया. पर अब छत पे कोई खड़ा है, मंकी कैप में."

बाबा म्हणाला, "अच्छा... वो घर का ही है."

दुपारी बाबा घरी आला, तशी आधीच पोचलेली आत्या त्याच्या गळ्यातच पडली. "वेडा रे वेडा! विमानातून दिसलास मला. भर उन्हात कानटोपी घालून, साडी नेसून माझ्यासाठी गच्चीवर उभा राहिलास!"

बाबाने माझ्याकडे बघितलं. मी श्रीखंडाकडे.

संध्याकाळी, अगदी वेळेवर, गुढी मीच उतरवली. बाबा शिडी धरून उभा होता. "पुढच्या वर्षीही तूच उभार," तो म्हणाला. "फक्त तांब्या मी घासेन. थोडासाच."