संकल्प उल्हासरावांचा

काशीच्या असी घाटावर फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात पदयात्रेसाठी शे-सव्वाशे माणसे जमली होती. त्यांतले एकटे उल्हासराव पाळंदे पिशवी धरायला आले होते. पिशवी ढुंढिराज गुरुजींची. दोघे दुर्गाघाटावरचे, शाळेपासूनचे मित्र. एकाने बँकेत जन्म घालवला, दुसऱ्याने पौरोहित्यात.

ही पदयात्रा मोतीबिंदूच्या शिबिरासाठी होती. असीपासून घाटाघाटाने थेट दुर्गाघाटापर्यंत चालायचे. जितके जण शेवटपर्यंत पोहोचतील, तितक्या गरीब म्हाताऱ्यांच्या ऑपरेशनचा खर्च चौकातले व्यापारी उचलणार होते. गुरुजींनी त्यासाठी पुतण्याचे कॅनव्हासचे बूट मागून आणले होते. जन्मात कधी बूट न घातलेला माणूस. धोतराखाली ते ध्यान पाहून उल्हासरावांना हसू आवरेना.

स्वतः उल्हासराव मात्र वर्षभर गल्लीबाहेर पायी गेले नव्हते. गेल्या माघात छातीत कळ आली, तेव्हापासून गीताबाई त्यांचा दंड धरूनच त्यांना पायऱ्या उतरवत. डॉक्टर ओरडून सांगत होते, चाला, काही होत नाही. पण धसका बसला तो बसलाच. कुठे एकटे असताना पुन्हा कळ आली तर? आजही मित्राला निरोप देऊन रिक्षाने परतायचे, असे ते बायकोला कबूल करून आले होते.

सुरुवातीला संयोजकांपैकी एक मुलगी गुरुजींना म्हणाली, "पंडितजी, आप ही सबकी ओर से संकल्प करा दीजिए, काशी के ढंग से."

गुरुजी खूश झाले. त्यांनी डोळे मिटून देश, काल, तिथी खणखणीत म्हटली. चाळीस वर्षांची सवय अशी, की नावाची जागा आली की शेजारी बसलेला तो यजमान. जवळ उल्हासराव पिशवी घेऊन बसले होते. गुरुजींनी त्यांचा तळहात ओढला, त्यांचे गोत्र, त्यांचे नाव, दुर्गाघाटापर्यंत पायी जाण्याचा निश्चय, सगळे एका दमात उच्चारले आणि हातावरून पाणी सोडले.

मग डोळे उघडले. "अरे देवा!"

"ढुंढ्या, काय केलंस हे?"

"चुकलं रे. तोंडाला वळणच तसं पडलंय. पण आता पाणी सुटलं, उल्ह्या. गंगेच्या काठी सुटलेलं पाणी परत घेता येत नाही."

"मी गीताला कबूल केलंय!"

"मग तिला मी सांभाळतो. तू चल. मी आहे ना बरोबर."

त्या शेवटच्या वाक्याच्या भरवशावर उल्हासराव उठले. दहा-दहा पावलांवर ते छातीवर हात ठेवून पाहत. केदारघाट गेला तरी आत काही हलले नाही. उलट थंडीत अंग मोकळे झाले आणि ते गप्पा मारू लागले.

राजा घाटावर मात्र गुरुजीच मटकन खाली बसले. बूट काढले तर दोन्ही टाचा सोललेल्या.

"अनवाणी चल," उल्हासराव म्हणाले.

"फोडांवर दगड टोचतो रे!" गुरुजींनी काठावरच्या नावाड्याला हाक मारली, भाव ठरवला आणि धोतर सावरत नावेत बसले. "संकल्प तुझा आहे, माझा नाही. मला नाव चालते."

"आणि बरोबर आहे म्हणाला होतास ते?"

"आहेच की. पाण्यातून. माझा एक म्हातारा गेला, उल्ह्या. तुझा तरी घालवू नकोस."

बाकीची मंडळी केव्हाच पुढे निघून गेली होती. उल्हासराव एकटेच उरले. त्यांना खरेच भीती वाटली. तेवढ्यात नावेतून गुरुजींनी भसाड्या आवाजात आरत्या सुरू केल्या आणि ते त्या आवाजाच्या कडेकडेने चालू लागले.

मणिकर्णिकेच्या स्मशानात लाकडे रचणाऱ्या एकाने, कोणाच्या प्रेताबरोबर आलात अशा अर्थाने, सहज विचारले, "का बाबूजी, केकरे साथे आयल हउवा?"

"किसी के साथ नहीं, भैया! अभी तो चल रहे हैं!" उल्हासराव इतक्या जोरात म्हणाले की नाव हसून हलली. त्यांना स्वतःलाही हसू फुटले. त्यानंतर छातीवर हात ठेवायचे ते विसरूनच गेले. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी एक पायरी गाळून उडी मारली आणि कोणी पाहिले नाही ना, म्हणून मागे वळून पाहिले.

दुर्गाघाटावर संयोजकांनी वहीत त्यांचे नाव लिहिले, कपाळाला टिळा लावला. म्हणजे एक म्हातारा पाहू लागणार. उल्हासरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

गीताबाई धापा टाकत पायऱ्या उतरत होत्या. कोणीतरी बातमी पोहोचवली होती. "अहो, काय हा वेडेपणा! रिक्षाने येतो म्हणाला होतात ना?" रागावता रागावता त्यांनी सवयीने नवऱ्याचा दंड घट्ट पकडला.

नाव काठाला लागली होती. गुरुजी दोन्ही बूट हातात घेऊन, कण्हत, एका पायावर उतरायची खटपट करत होते.

उल्हासरावांनी बायकोचा हात हळूच सोडवला. "मला राहू दे, गीता," ते म्हणाले. "तू त्याची ती बाजू धर, मी ही धरतो. घरापर्यंत न्यायला हवं त्याला."