फुग्याचे दात

नवरा गेल्यावर त्याचा मासा तिच्या गळ्यात पडला. घाबरला की टम्म फुगायचा, म्हणून नवरा त्याला फुग्या म्हणायचा. ती रोज काचेच्या टाकीत सोललेल्या कोळंबीचे तुकडे टाकायची आणि मशीनवर कपडे शिवायला बसायची. रडू असं तिला आलंच नव्हतं.

मग फुग्याने खाणं सोडलं. तुकड्याला तोंड लावून नुसता मागे सरायचा. तिने मासेवाल्या दुकानदाराला विचारलं.

"गोगलगायी देत नव्हता का? कवच फोडून याचे दात झिजतात, नाहीतर वाढून तोंडच बंद होतं. आता कापावे लागतील."

त्याने रीत समजावली. मदतीला नणंद आली. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात फुग्या सुस्तावला. नणंदेने त्याला ओल्या फडक्यात धरलं आणि भावाच्या आठवणीने तिला रडू फुटलं. वहिनीने छोट्या कात्रीने दातांची टोकं कापली. तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

"वहिनी, तुला काहीच वाटत नाही का गं?"

"नाही गं. कधी वाटेल, याची मीपण वाट बघतेय."

नणंदेने फुग्याला परत टाकीत सोडलं. स्वच्छ पाण्यात फुग्या हळूहळू पोहू लागला. संध्याकाळी वहिनीने एक गोगलगाय सोडली. त्याने ती कडकन फोडली.

"खाल्लं बघ," नणंद डोळे पुसत म्हणाली.

"हो." वहिनीने दुसरी सोडली. "तू जेवूनच जा. एकटीसाठी काही करावंसंच वाटत नाही."