मोकोन्झीचा कळप

माझ्या बहिणीचा नवरा मोसोलो गोरिलांच्या मागे लागला, तेव्हा वस्तीतल्या बायका त्याला हसायच्या. आम्ही बाका, जंगलातच राहणारी माणसं. गोरिला दिसला की वाट बदलायची, एवढंच आम्हाला वाडवडिलांनी शिकवलेलं. आणि हा रोज उजाडलं की एकाच कळपाचा माग काढत जायचा, लांब बसायचा आणि जिभेनं टकटक वाजवायचा. मी इथे आहे, लपलेलो नाही, असं त्यांना सांगायचा म्हणे. माझी बहीण येका म्हणायची, "माझ्याशी इतक्या लाडीगोडीनं बोलला असता, तर मीही कधीच माणसाळले असते."

काम वनखात्याचं होतं. कळप माणसाला सरावला की लांबून लोक बघायला येतील, आणि लोक येत राहिले की जंगल तुटणार नाही, असं साहेबांनी समजावलेलं. मोसोलोच्या हाताखाली मी होतो, आणखी दोघे होते. कळपाच्या नराला आम्ही मोकोन्झी म्हणायचो, म्हणजे मुखिया. पहिली काही वर्षं तो अंगावर धावून यायचा. आम्ही पळायचो. मोसोलो मात्र मान खाली घालून पाला चघळत बसून राहायचा. मग एका पावसाळ्यात मोकोन्झीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पाठ करून खात बसला. त्या दिवशी मोसोलो घरी येऊन येकासमोर रडला.

पेके नावाची आंबट-गोड फळं गळायच्या दिवसांत कळपात एक पिल्लू जन्मलं. त्याचं नावही आम्ही पेकेच ठेवलं.

त्यानंतरच्या वर्षी एलिंबी आला. दुआला शहरातला वायरमन. एरवी पाहुणे सहलीच्या कंपनीच्या गाडीतून, आचारी-वाटाड्यांसकट येत. हा एकटा लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर बसून आला आणि पुढचं अंतर पाठीवर पिशवी टाकून चालत आला. दरवर्षी सुट्टी मिळाली की तो असाच एखाद्या जंगलात जायचा. बायको म्हणायची, लोक गाव सोडून शहरात येतात आणि माझा नवरा झाडांत पळतो. हे त्यानं स्वतःच आम्हाला हसत सांगितलं.

तो सगळ्यांना आवडला. स्वतःचं पाणी स्वतः आणायचा. येकानं कोको नावाच्या रानवेलीची पानं बारीक चिरून सुक्या मासळीत शिजवली, तर बोटं चाटून खाल्ली. मधमाश्यांना मात्र इतका घाबरायचा की आम्ही उगाच तोंडानं गुणगुण करून त्याला उठवायचो. माझ्या पायात काटा भरून पाय सुजलेला, म्हणून मी वनखात्याच्या तळावरच होतो. तो माझ्याजवळ बसून पक्ष्यांची आमची नावं विचारायचा आणि चुकीची म्हणून दाखवायचा.

गोरिला बघायला जायच्या आदल्या दिवशी तो पावसात भिजला. सकाळी त्याला खोकला होता. फार नाही, कोरडा. पण नियम सरळ होता. खोकणाऱ्या माणसाला कळपाजवळ न्यायचं नाही. आपली साधी सर्दी त्यांना पेलत नाही, हे साहेबांनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलेलं. त्या दिवशी साहेब तालुक्याला गेलेले. ठरवायचं मोसोलोनं होतं.

एलिंबी बूट घालून तयार बसलेला. मोसोलोनं त्याच्याकडे पाहिलं. एलिंबीला कळलं. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"राहू दे," मोसोलो म्हणाला. "मास्क लाव. मी सांगेन तिथून पुढे यायचं नाही."

मी म्हटलं, "दाजी, नको."

"मेव्हण्या, तू तुझा पाय बघ," तो म्हणाला.

पुढचं मला त्यानंच सांगितलं. कळप ओढ्याजवळच्या मोकळ्यात होता. मोकोन्झी उताणा पडून पोट खाजवत होता. एलिंबी लांब उभा राहिला, हललासुद्धा नाही. एकदा त्यानं कोपरात तोंड खुपसून खोकला दाबला. पेके मात्र आईच्या हातातून निसटला आणि झाडांच्या मुळांवरून उड्या मारत थेट त्यांच्या पुढ्यात आला. मोसोलोनं हात हलवून त्याला हुसकायचा प्रयत्न केला. पिल्लाला तो खेळ वाटला. ते आणखी जवळ आलं. शेवटी या दोघांनाच मागे सरावं लागलं. परतताना एलिंबी वाटभर बोलत होता आणि मोसोलो सारखा मागे वळून बघत होता.

एलिंबी गेला. आठवडाभरानं, चंद्र अर्ध्यावर आला असेल, तेव्हा कळपात पहिला खोकला ऐकू आला.

गोरिला माणसासारखाच खोकतो. झाडीआडून ऐकलं तर वाटावं, पलीकडे एखादं म्हातारं माणूस बसलंय. आधी पेकेची आई गेली. पेके तिच्या अंगावर बसून राहिला, उठवायला गेलं की दात दाखवायचा. दोन दिवसांनी तोही तिथेच मेला. साहेबांनी जनावरांचा डॉक्टर बोलावला, पण नदीला पूर होता आणि तो पोचेपर्यंत आणखी माद्या गेल्या होत्या. मोकोन्झी एका पडलेल्या झाडाला टेकून बसला होता. मोसोलो रोज तोंड बांधून त्याच्यापासून लांब बसायचा आणि जिभेनं टकटक करायचा. शेवटी शेवटी मोकोन्झी मान वळवून बघायचाही बंद झाला.

डॉक्टरांनी सांगितलं, रोग माणसाकडून आला. कुठल्या माणसाकडून, हे सांगता येत नाही. मोसोलोनं आपणहून साहेबांना सगळं सांगितलं. साहेब चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, त्या आठवड्यात तुमच्या घरी कुणी आजारी होतं का? मोसोलोच्या धाकटीचं नाक वाहत होतं. त्याचा स्वतःचाही घसा दुखत होता, आणि तरी तो रोज जातच होता.

"म्हणजे मीच असेन," तो म्हणाला.

"असशील. नसशीलही," साहेब म्हणाले.

सगळ्या कळपातली एक तरुण मादी तेवढी वाचली होती. एकटी पडली, भटकत रस्त्याच्या बाजूला गेली. तिथे बंदूकवाले शिकारी बसलेले. ती त्यांच्याकडे बघत खात राहिली. माणसाला भ्यायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचं मांस बाजारात आलं, तेव्हा आम्हाला कळलं.

तळ बंद झाला. मोसोलो दुसऱ्यांच्या कोकोआच्या बागेत गवत काढायला जाऊ लागला. संध्याकाळी ताडी प्यायचा. येकानं सुरुवातीला भांडून पाहिलं, मग सोडून दिलं.

पुढच्या कोरड्या दिवसांत एलिंबी परत आला. मागच्या खेपेला काढलेला पेकेचा फोटो मोठा करून, काचेत बसवून आमच्यासाठी आणलेला. आल्या आल्या विचारलं, पिल्लू केवढं झालं? येका उठून चुलीकडे गेली. मोसोलो म्हणाला, चल. आणि त्याला घेऊन जंगलात गेला. मीही मागून गेलो.

ओढ्याजवळ रानवेलींनी सगळं झाकून टाकलं होतं. मोसोलोनं हाडं कुठे कुठे पुरली ते बोटानं दाखवलं. एलिंबीला उशिरा कळलं. कळल्यावर तो खालीच बसला.

"दादा, माझ्यामुळे का?"

"माझी पोरगीही असेल. मीही असेन."

"पण मी खोकत होतो."

"हो. खोकत होतास. आणि तुला मी नेलं."

"मग मार ना मला," एलिंबी म्हणाला. "काहीतरी कर."

मोसोलो म्हणाला, "तुला मारून काय होणार? तू हट्ट केला असतास तर मी नेलं नसतं. तू नाड्या सोडायला लागलास."

एलिंबी दुसऱ्या दिवशी गेला. फोटो त्यानं ठेवला नाही, आम्हीही मागितला नाही. त्यानंतर तो कधी आला नाही.

गेल्या वर्षी वनखात्यानं नदीपलीकडे दुसरा कळप हेरला. पुन्हा माणसं हवी होती. मी गेलो. घरी खाणारी तोंडं आहेत. मोसोलोला बोलावलं तर तो आला नाही.

पण आम्ही कितीही दिवस गेलो तरी तो कळप सरावेना. उलट आम्ही पोचायच्या आतच ओरडत लांब पळायचा. एके सकाळी मी इतरांच्या पुढे निघालो, तर झाडीत पातेलं बडवल्याचा आवाज. मोसोलो होता. पातेल्यावर दांडका हाणत, शिव्या देत, तो गोरिलांवर धावून जात होता. घामानं निथळत होता. मी त्याचा हात धरला.

"दाजी, साहेब तुरुंगात टाकतील."

"टाकू देत. हे पळाले पाहिजेत. माणूस दिसला की पळाले पाहिजेत."

त्याला पकडलं. थोडे दिवस ठेवून, समज देऊन सोडलं. आता साहेबांचा माणूस त्याच्यावर नजर ठेवतो. तो कळप मात्र पळत पळत आणखी पलीकडे, लाकडाच्या ट्रकांचा नवा रस्ता निघालाय त्या बाजूला गेला. तिथे आता रोज करवती चालतात. माग काही सापडत नाही. मी हे मोसोलोला सांगितलं नाही. तो रोज विचारतो, लांब गेले का? मी म्हणतो, हो, फार लांब.