मिटलेल्या शंका

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती मोजमापाचं काम करायची. पेशंट मोबाइलवर शंका विचारत. पूर्वी सिस्टर उत्तरं लिहायच्या, आता एआय लिहायचं. त्याचा खरा फायदा किती, हे तिनं शोधायचं होतं. तिच्या साहेबांना ऑफिसात सगळे मागून टक्केश्वर म्हणत. टक्का लावल्याशिवाय ते चहासुद्धा मागत नसत.

"नव्वद टक्के शंका मिटल्या!" ते खुशीत म्हणाले.

"मिटल्या कशावरून?"

"पेशंटनं पुन्हा विचारलं नाही, म्हणजे मिटलीच की."

तिला आत्या आठवली. तीही हेच ॲप वापरायची, पण तिनं विचारणंच सोडलं होतं. "भिंतीवर डोकं कोण आपटून घेणार, गं?" म्हणाली होती. म्हणजे आत्याही मिटलेल्यांत जमा!

दवाखान्याच्या परवानगीनं तिनं गप्प झालेल्यांना फोन लावायला घेतले. काहींचं खरंच काम झालं होतं. बरेचसे कंटाळले होते. एका बाईंचा फोन त्यांच्या नवऱ्यानं उचलला.

"ती गेली हो," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर पाय सुजला, दम लागायला लागला. तिनं तसं लिहिलं. असं होतं, आराम करा, असं उत्तर आलं. मी म्हटलं, चल दाखवून येऊ. तर म्हणे, सिस्टरनी इतकं मायेनं लिहिलंय, उगाच कशाला त्रास द्यायचा? त्या सिस्टरना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. माणूस आहे, चुकायचंच."

हो म्हणून फोन ठेवता आला असता. पण तिची जीभ रेटेना.

"काका, ते माणसानं लिहिलं नव्हतं. मशीननं लिहिलं होतं."

"म्हणजे… तिचं कुणी वाचलंच नाही?"

"नाही."

फोन बंद झाला.

टक्केश्वरांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"एका मरणावरून काही सिद्ध होत नाही, बाई."

"म्हणूनच म्हणते, निम्म्या पेशंटना महिनाभर सिस्टर उत्तरं देऊ देत. कोण जास्त आजारी पडतं ते कळेल."

"सिस्टर आणू कुठून? दवाखान्यानं त्यांना केव्हाच घरी बसवलं. आपल्याच आकड्याच्या भरवशावर."

तुलना करायला दुसरी बाजूच उरली नव्हती.

तिनं दवाखान्याला सगळं कळवलं. दम, सूज, छातीत दुखणं असं काही लिहिलं की मशीन आता एवढंच सांगतं: लगेच या. अहवालात नव्वद टक्के तसेच राहिले. फक्त 'शंका मिटली'च्या जागी 'पुन्हा विचारलं नाही' आलं. त्या तीन शब्दांसाठी टक्केश्वर वरच्यांशी भांडले म्हणे. तिला मात्र दुसऱ्या कामावर टाकलं.

मशीन आता 'लगेच या' म्हणतं, हे सांगायला तिनं काकांना पुन्हा फोन केला.

"बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "हा तिचा फोन मी आता बंद करतोय. परत लावू नकोस, पोरी."