माझं एकुलतं एक वाक्य

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण माझ्यामागे घर नाही. मागून दोन टेकू दिले की मी शाळेच्या रंगमंचावर उभा राहतो आणि म्हणाल ते होतो. कधी तुरुंगाचं दार, कधी दवाखान्याचं, एकदा तर राजवाड्याचंसुद्धा. अंगावर रंगाचे अकरा हात चढलेत. खरं सांगू, आता फार दमलोय.

नाटकाच्या वर्गाचा पहिला धडा माझ्यावरच गिरवतात. बाई एकेकाला माझ्यातून आत यायला लावतात आणि विचारतात, "कुठून आलास?"

"बाहेरून."

"बाहेर म्हणजे कुठे? जा परत!"

एकेक पोर तीस-तीस वेळा ये-जा करतं. खिळखिळा होतो तो मी.

गेल्या वर्षीच्या नाटकात मला चक्क एक वाक्य होतं, कर्रर्र! नववीतली एक मुलगी माझ्याकडे पाठ करून बटण शिवत बसायची. दूरदेशी गेलेल्या वडिलांची वाट बघत. ते आले की मी कुरकुरायचं आणि तिने वळायचं. माझ्या गंजक्या बिजागरीची आजवर चेष्टाच झाली होती. मान मिळाला तो पहिल्यांदाच.

तिचे खरे वडील सुतार. नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं मत. "आज प्रयोग बघतो. पटलं तर दहावीला हा विषय ठेव, नाहीतर सोड," असं त्यांनी तिला बजावलं होतं.

ते वेळेआधीच आले. मुलं जेवायला गेली होती. त्यांची नजर माझ्यावर पडली. "काय दशा केलीय दाराची!" असं पुटपुटत त्यांनी मला सरळ केलं, बिजागऱ्या घासल्या, तेल सोडलं. किती वर्षांनी कोणीतरी मायेने हात लावला होता! मी सुखावलो, आणि माझं वाक्य गेलं.

प्रयोगात मी गुपचूप उघडलो. मिशा चिकटवलेला बाप दारात उभा, आणि मुलगी आपली शिवतेच आहे. बटण लावून झालं. तिने ते उसवलं आणि पुन्हा लावायला घेतलं. माझा जीव तुटत होता, पण करणार काय? विंगेत बाईंनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत सुतार ताडकन उभे राहिले.

"अगं, मागे बघ! तुझा बाबा आलाय!"

ती वळली. कोणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना कुरकुरीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी जीभ चावली. तेल पुसलं, बिजागरीत चिमूटभर वाळू घातली आणि आवाज येतो का बघायला मला उघडून आत आले.

"कुठून आलात?" बाईंनी सवयीने विचारलं.

ते दारातच थांबले. "कामावरून. उशीर झाला हो. पोरगी वाट बघत असेल."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी, त्या रोज वापरणाऱ्याला एकदा विचारा.

ती मुलगी आता दहावीत आहे. आज सकाळीच बाईंनी तिला तीस वेळा माझ्यातून आत यायला लावलं. दमलो खरा. पण तिसाव्या वेळीही कुरकुरलो.