एकशे बाराचा सांगाडा

ताईंचं चष्म्याचं दुकान आणि ट्रामची शेड यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. अकरा वर्षं त्या दर रविवारी तो ओलांडत होत्या, आणि एकशे बारा नंबरच्या ट्रामचा एकही स्क्रू त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. शहरातल्या ट्रामा बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. मागे उरली होती ही एक, शेडबाहेरचे तीनशे मीटर रूळ आणि तिच्यावर जीव टाकणारी चौदा माणसं. या मंडळाचे अध्यक्ष ताईंचे थोरले भाऊ. ते दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि रविवारी ट्रामखाली पाठीवर झोपून ग्रीस लावायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

गेल्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं, शेड पाडायची आणि तिथे वाहनतळ करायचा. मंडळाने पुष्कळ खेटे घातल्यावर एवढंच कबूल झालं, की ट्राम वारसा यादीत गेली तर तिला बागेत चौथऱ्यावर उभी करू. नाही गेली तर भंगारात. चौथऱ्यावरची ट्राम म्हणजे पिंजऱ्यातला घोडा, असं ताईंचं मत होतं, पण भंगारापेक्षा ते बरं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

यादीत जायला अट एकच होती, वाहन मूळ स्वरूपात असावं. आणि घोडं अडलं ते नेमकं इथे.

सात वर्षांपूर्वी ताईंनी ट्रामखालच्या चाकांच्या सांगाड्यावरचे रंगाचे सहा थर खरवडले होते. दुकानातलं भिंग लावून पाहिलं, तर लोखंडात ठोकलेला आकडा निघाला एकशे अठरा. वरची डबेवजा बॉडी एकशे बाराची आणि खालची चाकं दुसऱ्याच गाडीची. शहाणा माणूस असता तर त्याने तिथेच रंगाचा सातवा थर मारला असता. या मंडळींनी पेढ्यावर ताव मारावा तसा त्या शोधावर ताव मारला. ताईंनी मोजमापांसह तीन पानी लेख लिहिला, तो मंडळाच्या त्रैमासिकात छापून आला, त्यावर सहा महिने पत्रांची हाणामारी चालली, आणि अंक चांगला निघाला म्हणून त्याच्या दोन प्रती नगरपालिकेच्या ग्रंथालयाला भेट देण्यात आल्या. स्वखर्चाने, पोचपावती घेऊन.

त्यातली एक प्रत आता वाहनतळाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या फायलीत होती.

वारसा समितीच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बहिणीला दवाखान्यात बोलावून घेतलं. पेशंटच्या खुर्चीशिवाय बसायला जागा नव्हती, म्हणून ताई तिच्यावर बसल्या. डॉक्टरांनी टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की आकडा वाचताना माझी चूक झाली, तो एकशे बाराच आहे, सदर लेख मी मागे घेते.

"सही कर," डॉक्टर म्हणाले.

"दादा, तूच खाली झोपून बॅटरी धरली होतीस."

"धरली होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय आठ. उद्या मला तो दोन दिसणार आहे."

"मग दुकानात ये, नंबर तपासून देते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की बारा माणसांनी हो म्हटलंय. ड्रायव्हरकाकांनी ट्रामा बंद होईपर्यंत हीच गाडी चालवली, त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी. एकशे बारा भंगारात गेलेली त्यांनी पाहायची, ती तुझ्या एका आकड्यापायी? ताईंच्या वर्मी लागलं ते एवढंच. त्या कागद घेऊन घरी आल्या आणि तो जेवणाच्या टेबलावर सकाळपर्यंत तसाच बिनसहीचा राहिला.

सुनावणी नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. समितीच्या अध्यक्षबाई वास्तुविशारद होत्या, कमी बोलणाऱ्या. अधिकाऱ्याने त्रैमासिक उघडून ताईंसमोर ठेवलं आणि लेख तुमचाच का, असं विचारलं. डॉक्टरांनी बहिणीकडे पाहिलं. मागच्या बाकावर ड्रायव्हरकाका काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"माझाच," ताई म्हणाल्या. "आणि त्यात एक चूक आहे."

डॉक्टरांनी श्वास सोडला.

"मी लिहिलंय की फक्त सांगाडा दुसरा आहे. तेव्हा मोटरी उघडल्या नव्हत्या. पुढची मोटर एकशे एकतीसची आहे. ड्रायव्हरची बैठक आमच्या सुताराने गेल्या वर्षी केली. हे तुमच्या कागदात लिहून घ्या."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याला आयतंच घबाड मिळालं होतं. बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, असं तो जवळजवळ मायेने म्हणाला. मग मजा घेत त्याने विचारलं, "एवढी अदलाबदल केली कोणी? आणि कुठे?"

ताई उत्तर द्यायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. सात वर्षं त्या आकड्याकडे बघत आल्या होत्या. हा प्रश्न मात्र त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कोणाला विचारला नव्हता. त्यांनी मागे वळून ड्रायव्हरकाकांनाच तो विचारला.

काका उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "शेडमध्ये. आणखी कुठे? चाक बिघडलं म्हणून गाडी थोडीच अडकवून ठेवायची? सकाळी आत घ्यायची, यारीने बॉडी उचलायची, तयार सांगाडा खाली ढकलायचा. दुपारच्या पाळीला गाडी रस्त्यावर. धावायची तेवढी सगळी वर्षं स्वतःच्याच चाकांवर राहिली असती, तर ती गाडी नाही, कामाला दांडी मारणारी." मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

ती यारी अजून शेडच्या तुळयांवर होती. तिच्याखालचा, चाकं काढायला खणलेला खड्डाही होता. मंडळी दर रविवारी तिच्या लोंबत्या साखळीला कोट अडकवत असत.

ताई अध्यक्षबाईंकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गाडी मूळ स्वरूपात नाही, हे मला कबूल आहे. तिचा अर्ज फेटाळायचा तर फेटाळा. पण ती जिथे अशी झाली ती जागा मूळ स्वरूपात आहे. यारी, खड्डा, रूळ, सगळं. मला त्या शेडसाठी अर्ज करायचा आहे. गाडी आत उभी असलेल्या शेडसाठी. आणि चौथरा आम्हाला नको."

अधिकारी म्हणाला, की शेड पाडण्याचा ठराव झालेला आहे, ठेकेदार पुढच्या सोमवारी येतोय. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. वास्तूचा अर्ज दाखल झाला, की निकाल लागेपर्यंत तिच्या विटेलाही हात लावता येत नाही, मग ठराव कोणाचाही असो, असं त्यांनी सांगितलं. अर्ज लेखी हवा, मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीचा, आज कचेरी बंद व्हायच्या आत.

शिपायाकडून कोरा कागद मागून ताईंनी तिथेच अर्ज लिहिला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. लेखाची प्रत पुरावा म्हणून जोडली होती, पहिल्याच क्रमांकावर.

"आपण एक गाडी मागायला आलो होतो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आता तिचाही अर्ज हातचा गेला. शेडचा फेटाळला तर?"

"तर भंगार. पण खोट्या कागदावर उभी राहिली असती, तर दर रविवारी मला तिच्याकडे बघवलं नसतं. तुलाही नाही."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. दुसऱ्याच्या दाढेत कळ उठल्यावर करत असतील तसा चेहरा करून त्यांनी सही ठोकली, आणि सहीखाली तारखेबरोबर वेळही घातली, तीन वाजून पन्नास मिनिटं.

अर्जावर शिक्का बसला. जिन्यात अधिकाऱ्याने ताईंना गाठलं. फार तर दोन महिने मिळतील तुम्हाला, मग तेही फेटाळलं जाईल, असं त्याने बजावलं.

"मग दोन महिन्यांनी यारीचा वेगळा अर्ज देऊ," ताई म्हणाल्या. "त्यानंतर खड्ड्याचा. त्या शेडमध्ये आकडा ठोकलेल्या एकोणीस वस्तू आहेत, आणि मी अजून चारच खरवडल्यात."

खाली फाटकाशी ड्रायव्हरकाका रिक्षा थांबवून उभे होते. घरी नको, शेडवर चला, असं ते रिक्षावाल्याला सांगत होते.